वरून जावे की खालून?

समुद्राविषयी मत देण्याचा शिरपूरच्या माणसाला काही अधिकार नाही, हे मी आधीच कबूल करून टाकतो. आमचं शिरपूर म्हणजे शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. धुळ्याकडचं शिरपूर वेगळं. मालेगावही नाशिककडचं नव्हे. एकंदरीत आमच्या पत्त्यातलं प्रत्येक गाव दुसरीकडे जास्त प्रसिद्ध आहे. मुंबईचा समुद्र इथून रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नाही, आणि ज्या निम्म्यांनी पाहिला त्यांना चौपाटीवरची भेळ जास्त आठवते.

पण 'खालून जाणे' या विषयात मात्र आमचा थोडाफार हक्क पोचतो. आमच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अशी तिची ख्याती. पूर्वी म्हणे मूर्तीखालून घोड्यावर बसलेला स्वार सरळ निघून जात असे. पुढं ते अंतर कमी कमी होत गेलं आणि आता खालून एखादं कापड किंवा दोरा ओढून घेता येतो, एवढंच उरलं, असं जुनी माणसं सांगत आली. हे ऐकत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला मधल्या अंतराविषयी एक प्रकारचा आदर वाटू लागतो. शिवाय १९८१ पासून या मंदिराला कुलूप होतं. दोन पंथांचा दावा कोर्टात, आणि भाविक झरोक्यातून दर्शन घेऊन परत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडलं. चाळीसहून अधिक वर्षं ज्या गावानं देव झरोक्यातून पाहिला, त्याला 'पलीकडे पोचणं' म्हणजे काय चीज आहे, हे कोणी शिकवायला नको.

त्याच २०२३ च्या जूनमध्ये आम्ही दोघं लंडनला मुलीकडे जाणार होतो. तिथून चार दिवस पॅरिस. तिकिटं आधी काढावी लागतात म्हणून मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, फ्रान्सला खालून जायचं की वरून?" खालून म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून आगगाडीनं आणि वरून म्हणजे डोव्हरहून फेरीबोटीनं. माझ्या हातून चूक एवढीच झाली, की ओसरीवर बसून मी हा फोन स्पीकरवर लावला होता.

संध्याकाळपर्यंत हा प्रश्न आमचा राहिला नाही. गल्लीचा झाला, मग हॉटेलाचा झाला. पोस्टातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही म्हणाले, "मास्तर, खालून जासान तं गाडीतून मासोया दिसतीन काय?" दुसरे एक कास्तकार. त्यांनी आयुष्यात तीन विहिरी खोदवल्या आहेत आणि तिन्हींना पाणी लागलेलं नाही, त्यामुळे भूगर्भशास्त्रात त्यांचा शब्द गावात अखेरचा. ते म्हणाले, "वरतं पानी अन् खालतं मानूस, हे काई बराबर नाई. थंडोबा नुसता बसून पैसे देते. विचारा खोदनाऱ्याले." खरं सांगायचं तर त्या दिवशी मला हे वाक्य केवळ विनोदी वाटलं. त्यात काय दडलं आहे हे मागाहून कळलं.

मी पडलो जुना मास्तर. प्रश्न आला की वर्गात जाण्यापूर्वी तयारी करायची खोड. म्हणून मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता खूश झालो. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्र सगळ्यांत अरुंद आहे तिथे जेमतेम तेहतीस-चौतीस किलोमीटर. म्हणजे शिरपूरहून वाशीमला जाऊन बाजार करून निम्म्या वाटेत परत यावं, एवढंच. पण ते ओलांडण्यासाठी माणसांनी काय काय करावं! १८०२ साली अल्बेर मात्यू नावाच्या फ्रेंच इंजिनियरानं समुद्राखालून रस्ता काढण्याची योजना मांडली. त्यात घोडागाड्या धावणार होत्या, तेलाचे दिवे लागणार होते आणि घोडे बदलण्यासाठी भर समुद्रात एक बेट उभारायचं होतं. आमच्याकडे खालून घोडेस्वार जात होताच, तिकडे त्यांनी कागदावर घोडागाडी घातली. मनात म्हटलं, शिरपूरचा माणूस तिथे असता तर सल्ला मागायला यांना लांब जावं लागलं नसतं.

पुढे १८८० च्या सुमारास खरोखरच दोन्ही काठांवरून खोदकाम सुरू झालं. मैलभर खणून झालं आणि इंग्रजांना एकाएकी शंका आली, की या भोकातून उद्या फ्रेंचांची फौज आली तर? जगाच्या पाठीवर दिसेल त्या किनाऱ्याला स्वतः बोटी लावणाऱ्या या लोकांना आपल्या घराला मागचं दार नको वाटलं. १८८२ मध्ये काम बंद पडलं. त्यानंतर शंभर वर्षं गेली. अखेर १ डिसेंबर १९९० रोजी दोन्ही बाजूंचे कामगार समुद्राच्या पोटात एकमेकांना भेटले आणि ६ मे १९९४ रोजी बोगद्याचं उद्घाटन झालं. लांबी पन्नास किलोमीटर, त्यातले अडतीस समुद्राखालून. जाण्याचा एक, येण्याचा एक आणि मध्ये अडीअडचणीसाठी तिसरा, असे तीन बोगदे. तिसरा काढणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. १८ नोव्हेंबर १९९६ ला एका मालगाडीला आत आग लागली, तेव्हा गाडीतली सगळी माणसं त्या तिसऱ्यातूनच जिवंत बाहेर आली.

आणि हे सगळं खोदलं कशातून, तर खडूतून! डोव्हरचे पांढरे कडे खडूचे, आणि समुद्राखाली बोगदा गेला तोही चिकणमाती मिसळलेल्या खडूच्या थरातून. छत्तीस वर्षं ज्याचं आयुष्य खडूत गेलं, त्याला यापरता मोठा कौल कोणता हवा? मी बोगद्याच्या बाजूनं मत दिलं. (फळ्यावरचा खडू हल्ली बहुधा जिप्समचा असतो, तो हा खडूच नव्हे, असं मुलीनं नंतर सांगितलं. मुलांना शिकवू नये ते यासाठी.)

मंडळींचं मत बोटीच्या बाजूनं होतं. "इतक्या दूर जायचं अन् समुद्र पाहाचा नाई, त्याच्या खालून चोरावानी निंगून जायचं, हे काय झालं?" असा तिचा सवाल. मी वेळेचा हिशेब मांडला, विज्ञानाचा महिमा सांगितला, समुद्रावर मळमळतं हे सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मेथी निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, "अजी, तुमाले पान्याचं भेव वाटते. सिद्धं सांगा ना."

यावर मी बोललो नाही. कारण तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. आता वाचकांनाही सांगून टाकावं हे बरं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या दक्षिणेला पैनगंगा आहे. इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या समुद्रापुढे ती म्हणजे आमच्या घरची मोरी. पण १९४८ पर्यंत तीही दोन राज्यांची शीव होती. अलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड, पलीकडे निजामाचं राज्य. आमची जुनी माणसं पलीकडे जाण्याला 'मोगलाईत जाणं' म्हणत. तिकडचा रुपया वेगळा, हाली शिक्क्याचा. तिकडची जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणायचं. वाशीमहून हिंगोलीला निघालात की कनेरगाव नाका लागतं. निजाम गेला, करोडगिरी गेली, गावाच्या नावातला नाका मात्र कोणी उठवला नाही. माझी आजी मोगलाईतली. लग्नानंतर डोंग्यात बसून ती परदेशी आली आणि चार वर्षांत दोनदा माहेरी गेली. पासपोर्ट लागत नव्हता, एवढाच फरक.

मग ती शीव पुसली गेली. मराठवाडा आला, महाराष्ट्र झाला, दोन्ही काठांवर एकच सरकार, एकच रुपया. नदी मात्र होती तिथंच राहिली. माझ्या थोरल्या बहिणीला, माईला, पलीकडच्या एका आडगावात दिली होती. १९६३ चा श्रावण. मी दहा वर्षांचा. तिकडून एक माणूस शिरपूरला निरोप घेऊन आला, की माई बाळंतपणात अडली आहे, लवकर या. तो निघाला तेव्हा नदी उतरती होती. माझ्या वडिलांनी मला का बरोबर घेतलं कोण जाणे. आई आधीच वारलेली होती, घरात मी एकटा राहिलो असतो, म्हणून असेल. आम्ही काठावर पोचलो तेव्हा दिवस बुडत होता आणि नदीचं पाणी वरच्या शेतांत शिरलेलं होतं. अकोला-पूर्णा लाइनीचा रेल्वेपूल होता, पण तो दूर, आणि पलीकडे उतरल्यावर मधले ओढे भरलेले. डोंगा हीच वाट.

भोई म्हणाला, "नाई."

वडिलांनी पैसे काढले. तो म्हणाला, "नाई." बोटातली अंगठी काढली. "नाई." मग वडील त्याच्या पाया पडले. माझे वडील कुणाच्या पाया पडलेले मी तेव्हाच पाहिले, आधी नाही आणि नंतर नाही. त्यानं त्यांना दोन्ही हातांनी उठवलं आणि म्हणाला, "पाटील, मी एकटा असतो तं गेलो असतो. तुमच्या संगं लेकरू हाय. दिवस उगू द्या." मग वडील त्याला नाही नाही ते बोलले. तोही ऐकून घेत उभा राहिला. दोन रात्री आम्ही त्याच्या खोपटात होतो. त्याच्या बायकोनं ज्वारीची भाकर आणि लाल तिखट दिलं. वडिलांनी घास घेतला नाही. मी खाल्लं, भूक लागली होती. पलीकडे झाडीत एक दिवा दिसत होता. तो माईच्या घराचा नसणार, गाव आत होतं. पण मी रात्रभर तोच धरून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओसरलं आणि त्यानं आम्हाला नेलं. माई आदल्या संध्याकाळी गेली होती. पोर वाचली होती. महिन्याभरानं तिला इकडे आणली, तेव्हा त्याच डोंग्यातून, माझ्या मांडीवर. जुनी माणसं डोंग्याच्या भाड्याला उतराई म्हणत. दोन्ही वेळा भोयानं उतराई घेतली नाही. वडिलांनी शेवटपर्यंत त्याला माफ केलं नाही. आणि मी? मला साठ वर्षं या गोष्टीचा निवाडा करता आलेला नाही. तो 'हो' म्हणाला असता तर माई वाचली असती का, कोण सांगणार? वाटेतच आम्ही तिघं गेलो असतो हे मात्र मोठेपणी पूर पाहताना मला कळत गेलं. म्हणजे त्याच्या एका 'नाई'त माझी बहीण गेली आणि त्याच 'नाई'वर मी आज पेन्शन खातो आहे.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो, म्हणजे खालून की वरून.

लोकांना वाटतं बोट आणि बोगदा यांत वेगाचा फरक आहे, नाहीतर पैशाचा, नाहीतर खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचा. मला वाटतं खरा फरक वेगळाच आहे. बोटीच्या प्रवासात दर खेपेला कोणीतरी एक माणूस असतो, ज्याला आकाशाकडे पाहून 'आज जायचं' किंवा 'आज नाही' असं ठरवावं लागतं. बोगद्याच्या प्रवासात तसा माणूस नसतो. तिथे जायचं हे एकदाच, कायमचं ठरून गेलेलं असतं.

आणि त्या एका माणसाचं चुकलं की काय होतं, ते इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. १७ जुलै १९४७ ला भर पावसाळ्यात 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. देश स्वतंत्र व्हायला महिनासुद्धा उरला नव्हता. किती तरी घरांत १५ ऑगस्टला दिवा लागला नसेल. २६ सप्टेंबर १९५४ ला जपानमध्ये 'तोया मारू' नावाच्या आगगाडीचे डबे वाहणाऱ्या बोटीच्या कप्तानाला वाटलं, वादळ पुढे सरकलं, आकाश निवळलं. तो निघाला. अकराशेहून अधिक माणसं बुडाली. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुख बंदरातून इंग्लंडकडे जाणारी 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही बोट पुढचं दार उघडं ठेवूनच निघाली. दार लावणारा झोपलेला होता आणि दार लागलं की नाही हे दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. १९३ माणसं गेली. आमच्या वर्गाचं दार मी जाताना दोनदा ओढून पाहत असे आणि पोरं हसत. हसोत बापडी.

तेव्हा हा 'हो-नाही'चा भार एका माणसाच्या डोक्यावर ठेवूच नये, असं कुणालाही वाटेल. जपान्यांना वाटलं. 'तोया मारू' नंतर बोगद्याच्या कल्पनेनं खरा जोर धरला, आणि १३ मार्च १९८८ ला चौपन्न किलोमीटरचा सेईकान बोगदा सुरू झाला. त्याच दिवशी त्या मार्गावरची आगगाडीची बोट थांबली. आता तिथे कितीही तुफान असो, बाळंतिणीला पलीकडे नेता येतं. यावर कुणी 'बोटीच्या प्रवासातलं काव्य हरवलं' असं म्हणू लागला, तर मी त्याला पैनगंगेच्या काठावर श्रावणातल्या दोन रात्री बसवीन. काव्य ज्याला पलीकडे घाई नाही त्याच्यासाठी असतं.

पण मग आमच्या कास्तकाराचं वाक्य आठवतं. विचारा खोदनाऱ्याले. सेईकान खोदताना चौतीस कामगार गेले. इंग्लंड-फ्रान्सच्या बोगद्यात दहा. पाणी घुसलं, दरड आली, यंत्रात सापडले. म्हणजे धोका नाहीसा झाला नाही. तो एकरकमी आगाऊ भरला गेला, आणि भरणारे वेगळे, प्रवास करणारे वेगळे. बोटीत निदान कप्तान, खलाशी आणि आपण एकाच पाण्यावर असतो. तोया मारूचा कप्तान बोटीबरोबर गेला. माझा भोई डोंग्यात माझ्याच पुढे उभा राहिला असता. बोगद्यात आपण खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतो, आणि ज्यांनी आपल्याऐवजी भिऊन घेतलं त्यांना आपण कधी पाहिलेलंही नसतं.

हिशेब मांडला तर बोगदाच बरोबर, अकराशेंपुढे चौतीस. गणिताच्या मास्तरानं यावर वाद घालू नये. पण चौतिसातल्या एकाच्या घरी जाऊन हे गणित सोडवून दाखवायचं काम मला कुणी सांगितलं, तर मीही आकाशाकडे पाहून "आज नाही" म्हणेन.

हे सगळं दूरचं राहिलेलं नाही. मुंबईत मलबार हिल आणि समुद्राच्या खालून मोटारींचा दोन किलोमीटरचा बोगदा २०२४ मध्ये सुरू झाला. बुलेट ट्रेनसाठी ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटर खोदायचं काम हाती घेतलेलं आहे. आणि गंमत म्हणजे त्याच मुंबईत २०२० पासून मोटारगाडी पोटात घेऊन भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी बोटही निघाली. माणसाला दोन्ही हवं असतं. गोव्यात ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा पणजीच्या लोकांना सोडवायला पुन्हा फेरीबोटीच आल्या. ज्यांना रिटायर केलं त्यांना परत बोलवावं लागतं, हे वाचून मला बरं वाटलं. आमच्या शाळेनं मात्र अजून बोलावलेलं नाही.

शेवटी आमच्यात तह झाला. जाताना खालून, येताना वरून. मुलगी म्हणाली, "वा, हे बेस्ट." तिला वाटलं आम्ही हौशी आहोत.

लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनात मला पहिला धक्का बसला. गाडीत बसण्याआधीच फ्रान्सच्या पोलिसानं पासपोर्टावर शिक्का मारला. म्हणजे लंडनच्या स्टेशनातच फ्रान्स लागला! येताना फ्रान्समध्येच इंग्लंड लागतं, अशी त्यांची आपापसांत देवाणघेवाण आहे. एकमेकांचा नाका एकमेकांच्या ओसरीवर. करोडगिरीवाल्यांना हे सुचलं असतं तर आजीची फेरी वाशीमलाच आटोपली असती.

गाडी निघाली. शेतं, मेंढरं, पुन्हा शेतं, आणि एकदम काळोख. मंडळींनी डब्यातला बेसनाचा लाडू काढला. मी घड्याळाकडे पाहत होतो. डोक्यावर समुद्राचा तळ, त्यावर समुद्र, त्यावर बोटी, आणि माझ्या छातीत काही म्हणजे काही होत नव्हतं. शेजारचा गोरा झोपला होता. वीसेक मिनिटांत उजेड आला आणि तोच तसला गवताळ माळ.

"आला काय समुद्र?" हिनं विचारलं.

"गेला," मी म्हणालो.

तिनं उरलेला अर्धा लाडू माझ्या हातावर ठेवला. सांत्वनाला ठेवतात तसा. फ्रान्सचं घड्याळ इंग्लंडच्या एक तास पुढे असतं, तेवढे आम्ही वीस मिनिटांत म्हातारे झालो. मला मात्र राहून राहून वाटत होतं, की १९६३ साली पैनगंगेखाली असं काही असतं, तर बापूंचा एक लाडू खाऊन होण्याआधी आम्ही माईच्या दारात असतो. आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, ते खोदायला कोण उतरलं असतं? बहुधा भोयाचाच मुलगा.

पॅरिसबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. परतीच्या दिवशी कॅलेच्या बंदरावर पोचलो, तेव्हा वारा सुटला होता. आमची बोट दुपारची. फलाटासारख्या एका मोठ्या खोलीत शंभरेक माणसं बसलेली, आणि काउंटरमागे पिवळं चमकतं जाकीट घातलेला एक मध्यमवयीन माणूस. त्यानं काहीतरी जाहीर केलं. मुलगी म्हणाली, "वाऱ्यामुळे बोट उशिरा सुटणार. किती उशीर ते सांगत नाहीयेत."

मग काय विचारता! लोक काउंटरवर तुटून पडले. फ्रेंच, इंग्रजी आणि आणखी दोन-तीन भाषांतून त्या माणसाचा उद्धार चालला. कुणाची मीटिंग होती, कुणाचं विमान चुकणार होतं. एक बाई रडायला लागल्या, त्यांच्याकडे पाहून माझ्या पोटात कालवलं. त्यांना कुणाकडे पोचायचं होतं देव जाणे. तो माणूस प्रत्येकाला तेच एक उत्तर देत होता. मान हलवायचा आणि खिडकीबाहेर समुद्राकडे बोट दाखवायचा. पुन्हा मान हलवायचा. त्याची भाषा मला कळत नव्हती. शब्द मात्र ओळखीचा होता.

दोन तास गेले. मंडळी खिडकीशी खुर्ची ओढून समुद्र पाहत बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला पोटभर समुद्र मिळाला होता, तोही फुकट आणि न हलता. भाचीचा रिसोडहून फोन आला, "मामा, समुद्राचा फोटो धाडा." ती आता स्वतः आजी आहे. तिला फोटो पाठवला.

मी उठलो.

"कुठी चालले?" हिनं विचारलं.

"आलोच."

काउंटरपाशी आता गर्दी नव्हती. लोक थकून बसले होते. तो माणूस कागदी पेल्यातली गार झालेली कॉफी पीत होता. मला येताना पाहून त्यानं पेला खाली ठेवला, खांदे ताठ केले आणि तोंड उघडण्याआधीच समुद्राकडे बोट दाखवलं. मी मान हलवली. शाळेतलं सगळं इंग्रजी गोळा केलं, पण तोंडातून दोनच शब्द आले, "थँक यू."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं इंग्रजीत विचारलं, की आपली काही तक्रार आहे का. मी नाही म्हटलं. त्याला ते पटलं नसावं, कारण त्यानं टेबलाखालून तक्रारीचा एक छापील फॉर्म काढून माझ्या हातात ठेवला.